अठरा फुटांची हिरवळ

दयाराम रामटेके यांच्या घरापुढे अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद हिरवळ होती. रायपुरात गुढियारीच्या टोकाला, मालधक्क्याच्या पलीकडच्या त्या कॉलनीत लोक अंगणात स्कूटर ठेवत, टाकी ठेवत, नाहीतर फरशी घालून मोकळे होत. त्यामुळे कुरिअरवाला रस्ता चुकला की कोपऱ्यावरचा पानवाला एवढंच सांगे, "वो घास वाला घर।"

दयाराम रेल्वेच्या पंपहाऊसवर होते. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पहाटे पंप सुरू करायचा, टाकी भरली की रेल्वे कॉलनीचा व्हॉल्व्ह उघडायचा, ठरल्या वेळी बंद करायचा. बंगल्यांच्या बाजूचा व्हॉल्व्ह एका साहेबाच्या फाटकाशेजारीच होता. तिथे वाकून चावी फिरवताना आतली हिरवळ दिसे, गालिच्यासारखी कापलेली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सरला एकदा डबा द्यायला तिथवर आली होती. फाटकातून आत बघून ती म्हणाली होती, आपलं घर झालं ना, तर पुढं असं काहीतरी करू, नुसतं बसायला. दयारामांनी मान हलवली. ती मान हलवलेली त्यांच्या लक्षात राहिली. निवृत्तीनंतर घर बांधलं तेव्हा त्यांनी ट्रॉलीभर कन्हार, म्हणजे इकडची काळी माती, आणून टाकली, खारून नदीच्या काठावरून हरळीच्या मुळ्या उपटून आणल्या आणि गुडघे टेकून एकेक मुळी लावली. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. गुडघे टेकल्यावर परत उठता यायचं.

आता ते अडुसष्टचे झाले होते, आणि यंदाच्या जानेवारीत सरलाला लकवा झाला.

सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना ती ओल्या फरशीवर कोसळली. उजवा हात, उजवा पाय आणि निम्मी जीभ गेली. दवाखान्यात बारा दिवस काढून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की नशीब चांगलं आहे, चालतील, पण चालवायला लागेल. चालवायला मोनाली नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीनदा येऊ लागली. मुलगी कामाला पक्की होती, पण सरला फरशीवर पायच टेकेना. पांढऱ्या टाइल्स दिसल्या की तिचं अंग आखडायचं. डाव्या हाताने ती दयारामांचं मनगट असं धरायची की बोटांचे वळ उठत. रस्त्यावर नेलं तर गाड्यांची भीती. शेवटी मोनालीने दाराबाहेर बघितलं आणि म्हणाली, "काका, यह घास है ना। चप्पल उतारिए आंटी की।"

हिरवळीवर सरला उभी राहिली. मऊ होतं, पडली तरी लागणार नव्हतं, आणि हे तिच्या अंगालाच कळलं असावं. पहिल्या दिवशी चार पावलं झाली. फेब्रुवारी सरेपर्यंत ती दयारामांच्या खांद्याला धरून भिंतीच्या कडेने अठरा फूट जाऊन परत येऊ लागली. उजव्या तळव्याला अजून काही कळत नव्हतं. पाय गवतात टेकला की नाही हे ती खाली बघून ठरवायची.

घरात दोघंच. मुलगा यशदीप नवा रायपुरात मंत्रालयात नोकरीला, तिथेच राहायला. रविवारी यायचा. बाकी सहा दिवस दयाराम सरलाला उठवत, बसवत, न्हाऊ घालत, खिचडी लावत, गोळ्या देत, आणि संध्याकाळी खुर्चीत बसले की खांदे कुणीतरी आतून पिळल्यासारखे दुखत. त्याबद्दल ते कुणाला काही सांगत नव्हते. सांगायचं कुणाला, हाही प्रश्नच होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बोअर हवा ओकायला लागला. पंप चालू केला की दहा मिनिटं पाणी, मग फुरफुर आवाज, मग थोडा गढूळ चिखल. दयारामांना तो आवाज ओळखीचा होता. खाली पाण्याची पातळी उतरली की पंप असाच रडतो. नळ सकाळी अर्धा तास यायचा, त्यात पिण्याचं भरून घेईपर्यंत धार बारीक व्हायची. कॉलनीतल्या लोकांनी एका संध्याकाळी जमून ठरवलं की यंदा कुणी गाडी धुणार नाही, अंगण धुणार नाही, झाडांना पाइप लावणार नाही. दयारामांनीही होकार दिला. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आत, त्यांनी टाकीचा पाइप हिरवळीवर सोडला.

त्यांना वाईट वाटलं. पण गवत कडेने पिवळं पडत चाललं होतं आणि सरलाचं चालणं त्या गवतावर होतं. चार दिवस त्यांनी असं केलं. पाचव्या दिवशी शेजारच्या साहू भाभी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की भैया, तुमची माती ओली दिसते, आमच्याकडे तर भांडी घासायलाही पाणी नाही. दयारामांनी काहीतरी पुटपुटून पाइप गुंडाळला. हे सगळं सरलाने खिडकीतून ऐकलं.

त्या खिडकीतून आणखीही काही दिसत होतं. रस्त्यापलीकडे पारा होता, मालधक्क्यावर हमाली करणाऱ्यांची वस्ती. तिथल्या हातपंपाला मार्चपासूनच पाणी नव्हतं. दिवसाआड टँकर यायचा, आणि तो यायच्या दोन तास आधीपासून बायका डबे, गुंडी, रंगाच्या बादल्या रांगेत लावून उन्हात बसत. खिडकीजवळच्या पलंगावर दिवसभर पडून सरलाला बघायला दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी दयारामांनी तिला चालायला उठवलं. ती दारापर्यंत आली, पायरीवर थांबली, आणि पुढे जाईना.

"मले नाही चालाचं त्याच्यावर," ती म्हणाली. लकव्यानंतर तिचे शब्द जडपणे, एकामागे एक ओढत यायचे.

"काहून?"

"तिकडं बाया डबे घेऊन बसल्या. अन् मी पाण्यावर पाय देऊ?"

"आपल्या बोअरचं आहे ते, सरला."

"बोअर आपला. पाणी जमिनीतलं. त्यायच्या हातपंपातलं बी तेच होतं."

दयारामांनी चौतीस वर्षं पाणी खेळवलं होतं. जमिनीखाली कुंपणं नसतात हे त्यांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

सरला भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातली. तिच्या लहानपणी त्यांच्या वस्तीतल्यांना गावच्या विहिरीवर दोर टाकायची मुभा नव्हती. तिची आई घागर घेऊन खालच्या पायरीशी उभी राहायची आणि वर कुणाच्या मनात आलं की पाणी ओतलं जायचं. कधी दुपार व्हायची. सरला आईचा पदर धरून उभी असायची. लग्नानंतर तिने हे दयारामांना एकदाच सांगितलं होतं, तेही भांडी घासता घासता, जणू दुसऱ्याच कुणाचं असावं तसं. पण घरात नळ वाहता राहिलेला तिला कधी चालला नाही.

ती चार दिवस उठली नाही. मोनाली आली, समजावून गेली, पाठीत उशी घालून पलंगावरच पाय हलवून गेली. जाताना दाराबाहेर दयारामांना म्हणाली की स्नायूला विसरायला वेळ लागत नाही, महिनाभर असं पडून राहिल्या तर फेब्रुवारीत होतो तिथे परत जाऊ.

चौथ्या दिवशी दुपारी दयाराम पायरीवर बसून हिरवळीकडे बघत होते. गवत राखाडी निळसर झालं होतं. सकाळी ते वर्तमानपत्र उचलायला गेले होते, त्या पावलांचे ठसे अजून तसेच होते. गवत तहानलेलं असलं की पाय उचलल्यावर उभं राहत नाही, हे त्यांना बिसाहूने शिकवलं होतं. बिसाहू त्या साहेबाच्या बंगल्याचा माळी. व्हॉल्व्हशी बिडी ओढत बसायचा. रोज पाणी सोडायला येणाऱ्या दयारामांना तो हसायचा. म्हणायचा, "रोज-रोज झन दे बाबू। एक दिन पेट भर दे, फेर भुला जा।" रोज थोडं थोडं दिलंत तर मुळ्या लाडावतात आणि वरच लोळतात. एकदा पोटभर द्या आणि विसरून जा, म्हणजे त्या पाणी शोधत खाली उतरतात. तेव्हा दयारामांनी ते कानाआड केलं होतं, कारण त्यांच्याकडे पाण्याला तोटा नव्हता. स्वतःची हिरवळ केल्यावरही ते सात वर्षं रोज संध्याकाळी हौसेने पाइप धरून उभे राहिले होते, आणि गवत बंगल्यातल्यासारखं बुटकं कापत होते. आता त्यांना दिसत होतं की त्या लाडांमुळेच पंधरा दिवसांत सगळं मान टाकत होतं.

त्यांनी आत जाऊन सरलाला विचारलं, "ज्या पाण्यानं कोणाची तहान भागत नाही, भांडंबी घासता येत नाही, असं पाणी घातलं तर चालशील?"

ती म्हणाली, "ताजा एक थेंब नाही."

"नाही."

"साहूबाईले सांगा."

ते गेले आणि कुंपणावरून साहू भाभींना सगळं सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या की ठीक है भैया, आणि आत गेल्या.

सगळी हिरवळ वाचणार नव्हती. दयारामांनी भिंतीच्या कडेची तीन फूट रुंदीची पट्टी दोरी लावून आखून घेतली, अठरा फूट लांब, सरलाच्या फेरीएवढी. उरलेली नऊ फूट त्यांनी सोडून दिली. सोडताना त्यांनी फार विचार केला नाही, विचार करायला अंगात जोरच नव्हता. आठवडाभरात ती बाजू तणसासारखी पिवळी झाली आणि चालताना पायाखाली कुरकुरू लागली.

पट्टीवर त्यांनी सब्बलीने, म्हणजे पहारीने, वीत वीत अंतरावर भोकं पाडली, म्हणजे पाणी वरून वाहून न जाता आत उतरेल. हे काम पूर्वी त्यांनी एका सकाळी उरकलं असतं. आता पाच दिवस लागले. वीस भोकं झाली की ते भिंतीला टेकून बसत. गवत कापणं बंद केलं, चार बोटं वाढू दिलं, म्हणजे त्याचीच सावली त्याच्या मुळांवर राहील. दुपारच्या उन्हाच्या बाजूला रोपवाटिकेत असते तशी हिरवी जाळी बांधली.

आणि मग पाणी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, दर तीन दिवसांनी कूलर रिकामा करताना निघणारं. पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या नळीतून जे सारखं मोरीत जायचं, तिच्याखाली त्यांनी घागर ठेवली. सरलाला न्हाऊ घालताना साबणाचं पहिलं पाणी मोरीत, दुसरं टपात. पुढे साबणही सोडला आणि डाळीचं पीठ लावू लागले. सगळं एका पिंपात साठवायचं आणि चौथ्या दिवशी पहाटे बादलीने पट्टीवर ओतायचं. ओतून झालं की एक लोखंडी सळई मातीत दाबून बघायची. वीतभर सहज आत गेली की पोट भरलं, अडली की अजून एक बादली.

मोरीपासून पट्टीपर्यंत सव्वीस पावलं होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी ती मोजली, नंतर मोजणं सोडलं. उन्हाळ्यात साठवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वास मारतं. तो वास त्यांच्या बनियनला लागला आणि धुऊनही जाईना. एकदा कंटाळून त्यांनी कपड्यांचं पाणीही त्यातच ओतलं. पावडरचा फेस गवतावर पसरला, आणि दोन दिवसांत परातीएवढा तुकडा जळून काळा पडला. त्यांनी तो सरलाला दाखवला नाही, पण तिने पाहिलाच. त्या टोकाला पोचली की पाय उचलून पलीकडे टाकायची. मोनाली म्हणाली की हा तर चांगला व्यायाम झाला.

मेच्या दुसऱ्या रविवारी यशदीप आला तो गाडीच्या टपावर हिरवं गुंडाळं बांधून. प्लास्टिकची हिरवळ होती. बादल्या वाहून घट्टे पडलेले बापाचे हात बघून तो दोन आठवडे अस्वस्थ होता, आणि हे त्याला सुचलेलं उत्तर होतं. मराठी त्याला सगळं कळायचं, पण बोलताना त्याची जीभ हिंदीकडेच वळायची. "बाबा, बस हो गया। न पानी, न बाल्टी। मम्मी आराम से चलेगी," असं म्हणत त्याने ते पिवळ्या पडलेल्या भागावर पसरून टाकलं. दिसायला सुरेख दिसत होतं. दयारामांना मनातून हायसं वाटलं, हे त्यांनी नंतर स्वतःशी कबूल केलं. वाटलं, सुटलो.

संध्याकाळी साडेपाचला यशदीप आईला हात धरून त्यावर घेऊन गेला. सरलाने आधी उजवा पाय ठेवला. त्या पायाला काही कळत नव्हतं. त्यावर भार देऊन ती उभी राहिली, यशदीप काहीतरी बोलत होता, ती ऐकत होती. मग तिने डावा पाय टेकला आणि झटक्यात वर घेतला. दिवसभराचं ऊन त्या प्लास्टिकने तव्यासारखं धरून ठेवलं होतं. दोघांनी तिला उचलून आत आणलं तोवर उजव्या तळव्यावर रुपयाएवढा फोड आला होता. तिला त्याचं दुखणंही कळत नव्हतं. त्या दोघांचे चेहरे बघून काहीतरी झालंय एवढं तिला समजलं.

यशदीप पायाला मलम लावत बसला आणि मलम लावता लावता रडला. दयाराम त्याला काहीतरी बोलणार होते. पण त्याची मान खाली होती आणि टाळूवरचे केस विरळ झालेले दिसत होते. गुंडाळं त्याच दिवशी गाडीवर परत गेलं. मोनालीने मात्र दुसऱ्या दिवशी दोघांनाही झापलं. फोनवर यशदीपला, आणि समोर दयारामांना. साखर नव्हती म्हणून बरं, नाहीतर जखम महिनोन् महिने भरली नसती, असं ती म्हणाली.

पुढचे दहा दिवस चालणं बंद. तरी चौथ्या दिवसाचं पाणी दयारामांनी चुकवलं नाही. मोकळी पट्टी, तिच्यावर कुणी चालत नाही, आणि एक म्हातारा पहाटे तिला वासाचं पाणी पाजतोय. एकदा बादली मध्येच ठेवून ते उभे राहिले. आपण हे कशासाठी करतो आहोत ते त्यांना क्षणभर आठवेना. मग आठवलं आणि त्यांनी बादली उचलली.

पुढच्या रविवारी यशदीप प्लास्टिकचा पाइप, एक तोटी आणि मोठं पिंप घेऊन आला. न्हाणीघराच्या भिंतीला भोक पाडून त्याने पाइप बाहेर काढला, पिंप पट्टीच्या वरच्या टोकाला विटांवर ठेवलं, खाली तोटी बसवली. म्हणजे टपातलं पाणी आपोआप पिंपात, आणि चौथ्या दिवशी फक्त तोटी उघडायची. दयाराम खुर्चीत बसून बघत होते. पाइपला उतार पुरेसा नव्हता. ते उठले, दोन विटा काढायला लावल्या, पाइपच्या मधोमध एक टेकू दिला आणि म्हणाले, "आता सोड." पाणी गेलं. बापलेक दोघांनी पिंपात वाकून बघितलं. यशदीप पाठ सरळ करत म्हणाला, "आपको पहले ही पूछ लेना था।" त्यावर दयाराम एवढंच म्हणाले की जेवून जा.

मे सरता सरता फोड भरला. सरला पुन्हा पट्टीवर आली. दहा दिवसांत ती थोडं विसरली होती, पण सगळं नाही.

जूनच्या सुरुवातीला दयारामांनाच उन्हाची लू लागली. गोळ्या आणायला ते दुपारी बाहेर पडले होते, परत आले ते डोळ्यापुढे अंधारी घेऊनच. ताप, उलट्या, पायात गोळे. यशदीप तीन दिवस रजा काढून राहिला, मग सकाळी येऊन जेवण ठेवून कामावर जाऊ लागला. साहू भाभी दुपारी पन्हं आणून देत. दयाराम आणि सरला एकाच खोलीत दोन पलंगांवर पडून असत. सरला खिडकीकडे, ते भिंतीकडे. तापात ते सारखं विचारत की आज चौथा दिवस का. ती म्हणे, राहू द्या.

सातव्या दिवशी सकाळी त्यांना जाग आली तेव्हा सरलाचा पलंग रिकामा होता. उठून बसायचा प्रयत्न केला तर खोली फिरली. त्यांनी उशी पाठीशी ओढली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

ती पट्टीवर होती. एकटी. डावा हात भिंतीवर, उजवा हात पोटाशी, पाय उघडे. दोन पायऱ्या ती कशी उतरली असेल हे त्यांना कळेना. उजवा पाय ती ओढत नव्हती, उचलत होती, थोडा बाहेरून फिरवून, पण उचलत होती. दयारामांच्या तोंडात हाक आली. हाक मारली तर ती दचकेल आणि पडेल, म्हणून त्यांनी ती गिळली. पट्टीच्या टोकाला ती जळलेला तुकडा ओलांडून गेली, वळली आणि उजवा खांदा भिंतीला घासत परत निघाली. अर्ध्यावर थांबून तिने मागे बघितलं. गवतात तिच्या पावलांचे ठसे तसेच राहिले होते. त्यांतला एकही पुसला जात नव्हता. ती ते बघत उभी राहिली. मग हळूहळू पिंपापर्यंत गेली आणि डाव्या हाताने तोटी उघडली. पिंप रिकामं होईस्तोवर भिंतीला पाठ लावून तिथेच थांबली. तिच्या घोट्यांजवळून पाणी गवतात शिरत होतं.

दयारामांना वाटलं की आपल्याला आता आनंद व्हायला हवा. झालाही असेल. पण त्याआधी त्यांना इतकी गाढ झोप आली की ती आत कधी आली ते त्यांना कळलंच नाही.

जुलैत बोअरला पाणी आलं, पाऱ्यातला टँकर बंद झाला. पिवळ्या पडलेल्या बाजूला जमिनीखाली मुळ्या जिवंत होत्या. तिथे आपोआप कोंब फुटले, सगळीकडे नाही, मधोमध बराच भाग बोडकाच राहिला. यशदीपने नवी हरळी आणून लावू का म्हणून विचारलं. दयाराम नको म्हणाले. सरला तोवर काठी घेऊन रस्त्यावर जाऊ लागली होती, साहू भाभींच्या फाटकापर्यंत, मग पाऱ्याच्या तोंडापर्यंत. बायका तिला बसायला पाट देत. ती तासभर तिथे बसून येई. काय बोलता म्हणून दयारामांनी विचारलं तर म्हणे, काही नाही, त्या बोलतात.

जुलैच्या शेवटी मोनालीचं काम संपलं. शेवटच्या दिवशी तिने सरलाला खोलीभर चालवलं. पांढऱ्या टाइल्सवरूनही, मनगट न धरता. मग ती वही मिटून निघाली, आणि दारात दयाराम तिची छत्री खुंटीवरून काढून द्यायला गेले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मोनालीने छत्री घेतली नाही. तिने त्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, बोटं भिंतीला लावली आणि सांगितलं की मुंगी चढते तशी बोटं वर चढवत न्यायची, दुखेल तिथे थांबायचं, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा.

"कब से है यह?" तिने विचारलं.

उन्हाळ्यापासून असेल, ते म्हणाले.

ती गेल्यावर सरला पलंगाच्या कडेला येऊन बसली. दयाराम भिंतीशी उभे होते. त्यांनी बोटं चढवली, उतरवली, परत चढवली. चार वेळा झाल्यावर त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले.

"अजून सहा," सरला म्हणाली.

ते तसेच उभे राहिले. ती वाट बघत बसली.